डोंगर आधी माझा होता

सप्टेंबर निम्मा सरला की आयर्लंडातल्या विकलोच्या डोंगरांवरचा नेचा गंजायला लागतो. इथे त्याला ब्रॅकन म्हणतात. उन्हाळाभर कमरेएवढा हिरवागार माजलेला असतो आणि मग एखाद्या आठवड्यात, कोणी हुकूम सोडावा तसा, जुन्या लोखंडाच्या रंगाचा होऊन जातो. सँट्रीतल्या आमच्या फ्लॅटमधून डोंगर दिसत नाहीत. तिथून दिसतात ती उतरणारी विमानं, ऑफिसांच्या काचा आणि समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेले, कधीच न वाळणारे कपडे. पण शहराला वळसा घालणाऱ्या मोटरवेवरून दक्षिणेकडे निघालं आणि पाऊस नसला, तर एका वळणानंतर डोंगर एकदम उभे राहतात. परवा लेकीला, ईशाला, तिच्या मैत्रिणीकडे सोडायला चालले होते. तो गंजका रंग दिसला आणि माझ्या पोटऱ्यांत काहीतरी हललं.

आठवणी डोक्यात राहतात म्हणे. गेल्या वर्षीचा तो ऋतू माझ्या पोटऱ्यांत राहिलाय. थोडा छातीतही, कारण तो अख्खा ऋतू मी जळत होते.

हेवा हा तसा सभ्य शब्द आहे. लांबून करता येतो. शेजारणीच्या साडीचा, मैत्रिणीच्या नव्या घराचा. हेवा करून माणूस आपल्या कामाला लागतो. मला झालं होतं ते सभ्य नव्हतं. ते माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर बसून जेवत होतं आणि त्याचं नाव प्रसाद होतं. माझा नवरा.

सुरुवात झाली ती त्याच्या ऑफिसातल्या नोरामुळे. नोरा त्याच्या टीममधली सगळ्यात ज्येष्ठ इंजिनियर. निवृत्तीला टेकलेली, उंच, पांढऱ्या केसांची, हसली की अख्खा चेहरा चुरगळणारी. विकलोत तिच्या भावाचं मेंढरांचं शेत आहे. दर ऑक्टोबरात, नर हरणं माजावर येतात तेव्हा, ती रायफल घेऊन डोंगरावर जाते. हरणं तिथे फार झालीत, शेतातलं गवत आणि कोवळी रोपं फस्त करतात, म्हणून परवाना काढून शिकार होते. वर्षानुवर्षं तिच्याबरोबर तिचा चुलतभाऊ जायचा, तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. बंदूक नोराची, परवाना नोराचा. बरोबरच्या माणसाचं काम एवढंच, की तिच्यामागून डोंगर चढायचा, तोंड बंद ठेवायचं आणि जनावर पडलंच तर ते दोघांनी मिळून खाली आणायचं.

हे काम तिने प्रसादला विचारलं. तो घरी आला तो दिवाळीचा बोनस मिळाल्यासारखा.

"मलाच का विचारलं माहितीये?" बूट न काढताच म्हणाला. "म्हणते, सगळ्या ऑफिसात गप्प बसू शकणारा तू एकटाच आहेस."

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं. पंधरा-सोळा वर्षांच्या संसारात या माणसाचं गप्प बसणं कुणाच्या वाट्याला आलं होतं? सकाळच्या चहाला गप्प, गाडीत गप्प, भांडणात तर विशेष गप्प. मी त्याला घुम्या म्हणत आले, आणि एका बाईने त्याच गोष्टीला गुण म्हटल्यावर तो असा फुलून घरी येतो!

मग त्याची तयारी सुरू झाली. वसंतातले ते दिवस, संध्याकाळी लांबलचक उजेड. ऑफिसातून आला की जुनी सॅक काढायचा आणि तिच्यात आमच्या स्वयंपाकघरातली तांदळाची पिशवी भरायचा. ती पाठीवर घेऊन आमच्या बिल्डिंगचा जिना तळापासून वरपर्यंत, मग पुन्हा खाली, पुन्हा वर. खिचडी टाकायची म्हटली की मला आधी विचारायला लागायचं, तांदूळ घरात आहे की जिन्यात? शेजारचे लोक लिफ्टच्या दारातून त्याच्याकडे कौतुकाने बघायचे. "फेअर प्ले टू यू," म्हणायचे. पहिले काही दिवस तो जिन्यातच बसून राहायचा, तोंडाने श्वास घेत. मग बसणं थांबलं. मग पट्टा आतल्या भोकावर गेला. हनुवटीखालची घडी गेली. लग्नातल्या फोटोतला मुलगा हळूहळू परत घरात वावरायला लागला, पण माझ्यासाठी नव्हे.

त्याचं बोलणंही बदललं. बसस्टॉपवर उभा राहून वारा कुठून येतोय ते गालावर अजमावायचा. हरणाला माणूस दिसण्याआधी वासाने कळतो, मला सांगायचा. शिकाऱ्याने चढताना दमलं तरी चालतं, पण चढून झाल्यावर श्वास पटकन खाली बसला पाहिजे, नाहीतर गोळी हलते आणि जनावर नुसतं जखमी होतं. ते पाप. टाच न टेकवता पाऊल कसं टाकायचं याचा सराव तो घरात करायचा. मी भांडी घासत असताना आवाज न करता मागे येऊन उभा राहायचा, मी दचकून किंचाळले की खूश व्हायचा. ईशाला ते फार आवडायचं. "डॅड्स लाइक अ निंजा," म्हणायची, आणि मी तक्रार केली की, "आह ममा, ही'ज ग्रँड, लीव्ह हिम."

रविवारी तो नोराबरोबर विकलोला जायचा. परत यायचा तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, गालांवर वाऱ्याने आलेली लाली आणि डोळ्यांत ते काहीतरी. ते काय असतं ते मला पक्कं माहीत होतं. कारण डोंगर आधी माझा होता.

हे इथे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुण्यात कॉलेजात असताना मी एकही रविवार घरी काढला नाही. शनिवारी शेवटच्या एसटीने पायथ्याचं गाव गाठायचं, देवळात पथारी टाकायची, उजाडायला चढायला लागायचं. राजगडाचा चोरदिंडी मार्ग मी भिजलेल्या कातळावर चढले आहे. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने गेले आहे, मुलांच्या बॅगा उतरवून घेत. प्रसादला तेव्हा मी एकदा सिंहगडावर नेलं होतं. अर्ध्यात बसला आणि म्हणाला, "वर भजी मिळतात म्हणून लोक चढतात ना? खाली मिळत नाहीत का?" मी हसले होते. मग लग्न, मग ईशा, मग आयर्लंड. डोंगर कोणी काढून घेतला नाही. तो नुसता मागे राहिला, स्टेशनवर विसरलेल्या पिशवीसारखा, आणि मी घोषणा करून शोधायलाही गेले नाही. आणि आता तीच पिशवी दुसरा कोणीतरी खांद्याला लावून माझ्या घरात हिंडत होता.

माझी एक मैत्रीण, नावन गावात राहते, फोनवर म्हणाली, "दर रविवारी ऑफिसातल्या बाईबरोबर डोंगरात? लक्ष ठेव गं बाई." मी मोठ्याने हसले. नोरा साठी ओलांडलेली, प्रसाद तिला घाबरून असायचा. तसलं काही असतं तर बरं झालं असतं असंसुद्धा मनात आलं. त्या जळण्याला निदान नाव असतं, चार बायका बाजूने बोलल्या असत्या. नवरा निरोगी होतोय, मोकळ्या हवेत जातोय, हसतोय, म्हणून जळणाऱ्या बाईची बाजू कोण घेणार?

जूनमध्ये नोरा आमच्याकडे जेवायला आली. मी कोंबडीचा रस्सा केला होता, सुकं खोबरं भाजून. तिने नाक पुसत पुसत दोनदा वाढून घेतला. प्रसाद बोलत होता. माझा घुम्या नवरा वाऱ्याबद्दल, कड्यांबद्दल, नेच्यात बसलेल्या हरणीबद्दल बोलत होता आणि मधूनच नोरा एखादा शब्द दुरुस्त करत होती. मग ती माझ्याकडे वळली.

"आणि तू? तू चढतेस का डोंगर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"मीनल? छे छे," प्रसाद म्हणाला. "तिला इथली थंडी अजिबात सोसत नाही."

त्यात खोच नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं. मी वाडगा काढायला प्रेस उघडला होता, इथे कपाटाला प्रेस म्हणतात. त्याच्या दारामागे तोंड लपवून मी क्षणभर उभी राहिले. ज्याच्याबरोबर इतकी वर्षं काढली, त्याच्या लेखी मी थंडी न सोसणारी बाई होते. मी वाडगा घेतला, दार सावकाश लावलं आणि नोराला म्हणाले, "दही देऊ अजून?"

दुसऱ्या दिवशी ईशा शाळेत आणि प्रसाद ऑफिसात गेल्यावर मी बूट घातले आणि सँट्रीच्या पार्कात पळायला गेले. तळ्यापर्यंतसुद्धा पोचले नाही. पोटात कळ, घशात लोखंडाची चव, गुडघे म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी. बाकावर बसून मी रडले. दुःखाने नाही, संतापाने. राजगड चढलेलं ते शरीर कुठे गेलं? कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने थांबून विचारलं, "यू ऑलराइट, लव्ह?" मी मान हलवली. ती म्हणाली, "पहिला आठवडा वाईटच असतो," आणि कुत्र्यामागे निघून गेली.

मी रोज गेले. एका क्लिनिकचं हिशेबाचं काम मी घरून करते, त्यामुळे दुपारचा वेळ माझा होता. मत्सर फार चांगलं इंधन आहे, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. कंटाळा आला, पाऊस आला, पाय नको म्हणाले, की मी फक्त ते वाक्य आठवायची: थंडी सोसत नाही. पाय आपोआप उचलले जायचे. ईशाच्या जुन्या दप्तरात पाण्याच्या बाटल्या भरून मी हौथच्या टेकडीवर जायची. तिथे समुद्रावरून येणारा वारा माणसाला शब्दशः ढकलतो. एका दुपारी त्या चढावर माझा श्वास लागला, आणि मग अचानक लागेनासा झाला. छाती मोकळी झाली आणि पाय आपलं आपण चालायला लागले. अंगाला सगळं आठवत होतं. त्याला फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं.

प्रसादला मी सांगितलं नाही. लपवलंही नाही. माझे चिखलाचे बूट हॉट प्रेसमध्ये, गरम पाण्याच्या टाकीशेजारी, त्याच्या बुटांना खेटून वाळत असायचे. त्याने कधी विचारलं नाही हे कोणाचे.

सप्टेंबरात नोराने आम्हा तिघांना भावाच्या शेतावर जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर ती आणि प्रसाद शेवटची चाचणी म्हणून वर जाणार होते. ईशाला मेंढरं राखणाऱ्या कुत्रीची पिल्लं सापडली, ती काही तिथून हलणार नव्हती. मी बुटांच्या नाड्या बांधल्या.

"मी पण येते."

"अगं, खूप लांब आहे," प्रसाद म्हणाला. "वर दलदल आहे."

"असू दे की."

नोरा माझ्या बुटांकडे बघत होती. नवे नव्हते, तिने ते पाहिलं. "चल मग," म्हणाली.

तो चढ मला अजून पावलापावलाने आठवतो. मेंढरांची कुंपणं संपली, हेदरची जांभळी झुडपं लागली, पायाखाली जमीन स्पंजासारखी. प्रसाद पुढे, पाठीवर ओझं. जोमात होता, खरंच छान चढत होता. पण तो सरळ जात होता. दलदल आली तरी सरळ, आणि बुटाचा पच्च असा आवाज यायचा. मी विचार न करता झुडपांच्या बुंध्याबुंध्यावर पाय ठेवत वळसे घेत गेले. सह्याद्रीच्या घसाऱ्यावर शिकलेले पाय, त्यांनी आयरिश चिखल बघता बघता ओळखीचा केला.

कड्याजवळ नोराने हात खाली केला. आम्ही तिघंही हेदरमध्ये आडवे झालो. पलीकडच्या उतारावर, नेच्याच्या कडेला, एक मोठा नर उभा होता. काळपट मान, शिंगांवर गवताचे तुरे लटकलेले. त्याने मान वर करून शीळ घातली. हरीण शीळ घालतं हे मला माहीत नव्हतं. बारीक सुरू होऊन ती चढत गेली, किंचाळीसारखी, आणि एकदम तुटली. माझ्या पाठीवर काटा आला. मी श्वास रोखला, पापणीसुद्धा हलवली नाही.

"मीनल, ते बघ!"

प्रसाद. कुजबुजलाच, पण डोंगरावर कुजबूज फार लांब जाते. हातही उचललेला. हरणाची मान वळली, आणि पुढच्या क्षणी तिथे फक्त हलणारा नेचा होता.

प्रसाद माझ्याकडे बघत होता, चेहरा लहान मुलासारखा उजळलेला, आपण काय केलं ते अजून न कळलेला. आयुष्यभर गप्प बसलेला माणूस. नको त्या क्षणी तोंड उघडलं, ते मला दाखवायला.

खाली उतरताना नोराने सांगून टाकलं. ती उगाच गोड बोलणारी बाई नाही. "मी एकालाच नेऊ शकते. दोघांपैकी कोणीही आलं तरी मला आनंद आहे," म्हणाली. मग माझ्याकडे हनुवटी वळवून, "पण ही बाई, हरसेल्फ, आली तर जास्त. तुम्ही ठरवा."

परतीच्या वाटेवर ईशा पिल्लांबद्दल अखंड बोलत होती. मोटरवेला लागलो. प्रसाद रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "तू जा."

या 'तू जा'चं उत्तर मला ठाऊक होतं. आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. छे, असं कसं, इतकी मेहनत तू केलीस, तूच जा. मग तो म्हणाला असता, नको, तू. मग मी. तिसऱ्या खेपेला तो गेला असता आणि मी घरी राहून समाधानाने जळत बसले असते. ते सगळं जिभेवर तयार होतं.

मी म्हणाले, "बरं."



ऑक्टोबरातल्या त्या पहाटेबद्दल मी फार कोणाशी बोलत नाही. उजाडायच्या आधी आम्ही चढायला लागलो. नोराने पिठाची चिमूट हवेत सोडून वारा पाहिला. थंडी अशी, की दातांची मुळं दुखावीत, आणि मला ती सोसली. तास गेले. दोनदा हरणं दिसली आणि दोनदा वाऱ्याने दगा दिला. मग एका घळीच्या तोंडाशी आम्ही पोटावर सरपटत गेलो, कोपरं ओल्या मातीत, तोंडात हेदरच्या काड्या. नर समोर आला. नोराने सॅकवर रायफल टेकवली. माझ्या शेजारी तिचा श्वास संथ झाला, मग थांबला. त्या शांततेत माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? प्रसाद, ते बघ. ओठांपर्यंत आलं. मी ओठ मिटून घेतले.

गोळीचा आवाज डोंगरातून फिरून परत आला. हरीण चार पावलं धावलं आणि गुडघ्यांत दुमडून पडलं. आम्ही पोचलो तेव्हा डोळे उघडे होते, पण त्यांत काही नव्हतं. नोराने त्याच्या कपाळावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली. मीही ठेवला. ओलसर, दाट, अजून गरम केस. मला वाईट वाटलं आणि मला भूक लागली, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हीची लाज वाटली नाही. तिने सुरीने पोट मोकळं केलं, वाफ वर आली. मग शिंगांना दोर बांधून आम्ही दोघींनी ते धूड ओढायला सुरुवात केली. तो उतार, ते ओझं, दोराने सोललेले तळवे. एका जागी मी पाय रोवून धूड धरून ठेवलं आणि नोरा दम खायला बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "कुठे शिकलीस गं हे?"

"घरी," मी म्हणाले. तेवढं बोलताना पुण्याच्या बाजूचे सगळे गड डोळ्यांपुढून गेले. कोणीतरी विचारलं होतं, शेवटी.

संध्याकाळी घरी आले. प्रसादने वरण-भात लावून ठेवला होता, ईशाला आंघोळ घातली होती. दार उघडून उभा राहिला. माझ्या बाह्यांवर वाळलेलं रक्त, केसांत काड्या, अंगाला चिखलाचा आणि जनावराचा वास. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मी त्याला पाहिलं. ओळखायला क्षणही लागला नाही. जबडा घट्ट, ओठांवर हसू, डोळे मात्र माझ्या बुटांवर. महिनोन् महिने मी जे आत घेऊन फिरले होते ते त्याच्या चेहऱ्यावर जसंच्या तसं होतं.

आणि मला बरं वाटलं. दुष्टपणे नव्हे. या घरात मी एकटी नाही, असं काहीसं.

नोराने मांडीचा मोठा तुकडा दिला होता. पुढच्या रविवारी मी तो कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून शिजवला. प्रसादने पहिला घास घेतला, बराच वेळ चावला.

"गोळी झाडली तेव्हा तू किती लांब होतीस?"

"शेजारीच."

"वारा कुठून होता?"

मी सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. घळ कोणती, नर आला कुठून, आधी कान दिसले की शिंगं, पडताना आवाज झाला का. इतकी वर्षं या माणसाच्या तोंडून प्रश्न काढायला मी काय काय केलं, आणि आता एकामागून एक येत होते, रश्शाने माखलेली बोटं वाळली तरी थांबत नव्हते. मी काही सांगितलं, काही राखून ठेवलं. राखून ठेवलेलं त्याला कळत होतं, म्हणून तो अजून विचारत होता. ईशा कंटाळून उठून गेली. ताटं तशीच राहिली.

तेव्हापासून आमचं बरं चाललंय असं नाही म्हणणार. बरं म्हणजे काय, ते मला माहीत नाही. एवढं खरं, की आम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवून असतो. मी पळून आले की तो घड्याळाकडे बघतो. त्याचा श्वास किती लवकर बसतो ते मी बसल्या जागेवरून ऐकते. इतकं बारीक लक्ष आम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा एकमेकांकडे दिलं नव्हतं.

काल जेवताना नोराचा फोन आला. आता ती निवृत्त झालीये, पण आवाज तसाच खणखणीत. फोन स्पीकरवर, ताटांच्या मधोमध. डोंगरावर नर बोलायला लागलेत, म्हणाली. ऑक्टोबर आलाच. "तर मग, या वर्षी कोण?"

"मी," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

पलीकडून तिचं ते चुरगळलेलं हसू आलं. "रविवारी दोघंही या. डोंगर ठरवेल," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

प्रसादने हातातल्या पोळीकडे पाहिलं, तिचा अर्धा तुकडा मोडला आणि परत डब्यात ठेवला. मी ते पाहिलं. मग कोणाला दिसू नये इतक्या हळू माझ्या ताटातला भात मी कडेला सारला.